पिकअपला मोठी चाके आणि रुंद टायर बसवावेत का? पाणंदीचा चिखल, चोर्ल्याचा घाट आणि पासिंग

तांबडमाती (बेळगाव तालुका)

सर्व जाणकारांना नमस्कार.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, चंदगडच्या हद्दीलगत आमची शेती आहे. रताळी, कोबी आणि ढब्बू मिरची असा माल मी स्वतःच्याच पिकअपमधून बेळगावच्या बाजार समितीत नेतो आणि आठवड्यातून दोनदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या वाटेने गोव्यात पोहोचवतो. गाडी मालवाहतुकीसाठी नोंदलेली, के.ए. २२ क्रमांकाची आणि मागच्या चाकांवर चालणारी आहे. तिला कंपनीकडून २१५/७५ आर १५ या मापाचे ८ प्लायचे (प्लाय म्हणजे टायरची ताकद सांगणारा थरांचा आकडा) टायर आलेले आहेत.

अडचण अशी की सडकेपासून मळ्यापर्यंतच्या पाऊण किलोमीटरच्या पाणंदीत उसाच्या ट्रॉल्यांमुळे खोल चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा मात्र तसाच राहतो, आणि भरलेल्या गाडीच्या डिफरेन्शियलची हाउसिंग (मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा लोखंडी गोळा) त्यावर टेकली की मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. गेल्या हंगामात तीन वेळा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढावी लागली, आणि दर वेळी वडिलांनी बैलगाडीच्या चाकाचा मोठेपणा ऐकवला तो निराळाच.

टायर आता बदलायलाच आले आहेत. एका दुकानदाराने २३५/७५ आर १५ सुचवले असून ते आहे त्याच डिस्कवर (टायर ज्यावर चढतो त्या लोखंडी चाकावर) बसतील, गाडी उंच होईल आणि भारदस्तही दिसेल, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या दुकानदाराचा सल्ला असा की ३१ इंची टायर रुंद अलॉय डिस्कसह घ्यावेत आणि मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे वाढवावेत. दोघेही खात्रीने बोलतात, त्यामुळे माझी खात्री कमी झाली आहे. ज्यांनी माल वाहणाऱ्या गाडीवर हा प्रयोग केला असेल त्यांनी अनुभव सांगावा, ही विनंती.

लेथवाला (उद्यमबाग)

दादा, आधी गणित करू, कारण दुकानात उंचीचा आकडा नेहमी दुप्पट ऐकू येतो.

२१५/७५ आर १५ याचा अर्थ असा की टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि डिस्कचा व्यास १५ इंच. म्हणजे वर-खाली दोन भिंती धरून ३२२.५ आणि डिस्कचे ३८१ मिलिमीटर मिळून टायरचा एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर होतो. याच रीतीने २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ येतो. फरक ३० मिलिमीटरचा दिसतो खरा, पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे तुमची हाउसिंग उचलली जाईल ती फक्त १५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका बोटाच्या जाडीइतकी. ३१ इंची टायरचा व्यास सुमारे ७८७ मिलिमीटर असतो आणि तो घेतल्यास ४२ मिलिमीटर उंची मिळते. पण त्याची किंमत गाडी कुठे कुठे मोजते ते घाटात चालवणारे सांगतीलच.

पाटे वाढवण्याचा सल्ला तर तुमच्या तक्रारीला लागूच पडत नाही. पाट्यांमुळे चेसिस आणि हौदा वर जातो, हाउसिंग मात्र ॲक्सललाच असल्यामुळे जमिनीपासून आहे तितकीच राहते. उंचवट्यावर टेकते ती हाउसिंग. शिवाय बहुतेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला भारानुसार दाब देणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही दोन पाटे वाढवले तर दोन टन भरूनही चेसिस पुरेशी बसणार नाही, व्हॉल्व्ह गाडी रिकामीच समजेल आणि उतारावर मागचा ब्रेक कमी लागेल. पाटे वाढवणाऱ्यांपैकी दहातले नऊजण हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घेत नाहीत, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आता रुंदी. टायर आहे त्याच डिस्कवर बसेल की नाही, हे तोंडी विचारायचे नसते, डिस्कवर वाचायचे असते. चाक काढून आतल्या बाजूला ५.५जे किंवा ६जे असे काही कोरलेले दिसते का ते पाहा. तो डिस्कच्या रुंदीचा इंचांतील आकडा आहे. २१५/७५ ला साडेपाच ते सात इंचांपर्यंतची डिस्क चालते. २३५/७५ ला किमान सहा इंच लागते. साडेपाच इंचांच्या डिस्कवर तो चढवता येतो, हवाही राहते, पण टायर फुग्यासारखा मधोमध फुगून मधलेच रबर झिजते आणि वळणावर भरलेली गाडी डोलते.

सर्वांत महत्त्वाचे राहिलेच. टायर मोठा म्हणजे ताकदवान, ही समजूत खोटी आहे. टायरच्या भिंतीवर मापानंतर भाराचा एक सांकेतिक आकडा असतो. २१५/७५ आर १५ च्या ८ प्लायच्या व्यावसायिक टायरवर बहुधा १०६ असतो, त्याचा अर्थ एका टायरला ९५० किलो. २३५/७५ आर १५ या मापाचे बाजारात मिळणारे अनेक टायर मात्र एसयूव्हीसाठी बनवलेले असतात आणि त्यांवर १०५ असतो, म्हणजे ९२५ किलो. दोन टायरांच्या मागच्या ॲक्सलवर ५० किलो क्षमता कमी झाली, तीही जास्त पैसे देऊन. हवेचेही तसेच आहे. ८ प्लायचा टायर ६५ पीएसआयच्या आसपास पूर्ण भार पेलतो, एसयूव्हीचा टायर एवढ्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. ओळखण्याची सोपी खूण सांगतो. भिंतीवर आयएसआयच्या चिन्हाजवळ १५६३३ हा क्रमांक असेल तर तो प्रवासी मोटारीच्या वर्गातील टायर आणि १५६३६ असेल तर व्यावसायिक वाहनाचा.

तुमच्या सध्याच्या टायरांची नक्षी किती शिल्लक आहे आणि डिस्कवर काय कोरलेले आहे, एवढे कळवा. बाकीचे नंतर बोलू.

चोर्लाघाट (खानापूर)

लेथवाले साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलेच आहे, तर सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी हीच हौस केली होती. ३१ इंची टायर, काळ्या अलॉय डिस्क, सगळा थाट. खानापूरच्या चौकात लोक वळून पाहत असत, हे कबूल करतो.

पहिल्याच भरलेल्या फेरीत फरक कळला. चाकाचा घेर बारा टक्के वाढला की सर्वच गिअर तेवढे लांब होतात, म्हणजे त्याच गिअरला ओढ कमी पडते. कणकुंबीकडे चढताना जिथे गाडी दुसऱ्यावर सुखाने ओढत असे तिथे पहिला टाकावा लागू लागला, आणि पहिल्यावर सुटताना अर्धा क्लच धरून ठेवण्याची सवय लागल्यामुळे क्लच प्लेटचा वास केबिनमध्ये येऊ लागला. चढणीचे एक वेळ सोसता येते, उतरणीचे नाही. चोर्ल्याहून गोव्यातल्या केरीकडे उतरताना इंजिनच्या ओढीवर गाडी रोखून धरायची असते. ती ओढही त्याच हिशोबाने घटते आणि ब्रेकची पकडही, कारण ड्रम तेवढाच राहतो आणि चाक मात्र मोठे व जड होते. एका पावसाळी पहाटे धुक्यात, पुढे बंद पडलेला ट्रक दिसल्यावर गाडी थांबली ती त्याच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर. त्या दिवशी कोबी गोव्यात विकला आणि परत आल्यावर डिस्का विकायला काढल्या.

मीटरचेही ऐका. काटा ८० दाखवत असेल तेव्हा गाडी ८९ च्या घरात पळत असते. आपल्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० ची जी वेगमर्यादा बसवलेली असते तीही त्याच फेऱ्यांच्या मोजणीवर चालते, म्हणजे गव्हर्नरलाही फसवल्यासारखे होते. उलट अंतर कमी नोंदले जाते. १०० किलोमीटर धावले की मीटरवर ८९ पडतात. माझे एक भाडे किलोमीटरवर ठरलेले होते, त्यामुळे दोन महिने नुकसान माझेच झाले आणि ॲव्हरेज पडले म्हणून मी डिझेल पंपावर संशय घेत राहिलो. ॲव्हरेज थोडे पडले होते हे खरे, पण मला वाटत होते तितके नक्कीच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. मोठी स्टेपनी हौद्याखालच्या मूळ जागेत बसली नाही. ती हौद्यात ठेवावी लागली आणि कोबीच्या चार पोत्यांची जागा गेली.

२३५ चा बदल सव्वाचार टक्क्यांचा आहे, म्हणजे माझ्या चुकीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढा गाडी सोसेल. पण सोसणे आणि फायदा होणे यांत अंतर आहे.

निपाणीकर

वरील दोघांशी सहमत असूनही एक बाजू मांडतो, नाहीतर मोठे टायर म्हणजे पापच असे वाचणाऱ्याला वाटेल.

माझा पिकअप खासगी नोंदणीचा, चार दारांचा, फोर-बाय-फोर आहे. हौद्यात कधी दोन-अडीच क्विंटलपेक्षा जास्त भार नसतो. मूळ टायर २४५/७० आर १६ होते, त्यांच्या जागी मी त्याच डिस्कवर २६५/७० आर १६ चे ऑल-टेरेन टायर घातले. व्यास ७४९ वरून ७७७ झाला, उंची १४ मिलिमीटर मिळाली. निपाणीच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर पूर्वी जिथे गाडी आत नेण्याचे धाडस होत नव्हते तिथे आता जाते. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यातले श्रेय उंचीचे थोडे आणि खोल नक्षीचे व चारही चाकांना मिळणाऱ्या ओढीचे जास्त आहे.

बसवण्याआधी मी जी तपासणी केली ती सांगतो, कारण दुकानात सपाट फरशीवर टायर कुठेच घासत नाही. पुढचे एक चाक वीतभर उंच दगडावर चढवावे, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि कोणाला तरी खाली वाकून मडगार्डचे आतले अस्तर, ब्रेकची नळी आणि चेसिसचा कोपरा पाहायला सांगावे. मग हेच दुसऱ्या बाजूने करावे. माझ्या गाडीत रिव्हर्समध्ये पूर्ण वळवल्यावर टायर मड-फ्लॅपला लागत होता. तो एक इंच मागे घेतल्यावर प्रश्न सुटला. नव्या टायरवर चिखलाचा थर चढतो तेव्हा आणखी बोटभर जागा लागते, हेही धरून चालावे.

रुंद टायर आत घासतो म्हणून डिस्क आणि हब यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) घालून चाक बाहेर काढण्याची युक्ती अनेकजण सुचवतात. माझ्या आधीच्या गाडीला ती एका ठिकाणी करून दिली होती आणि वर्षाच्या आत पुढच्या दोन्ही बेअरिंगांनी आवाज धरला. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर पिळा जास्त. माल वाहणाऱ्या गाडीत तर हा विचारही करू नये. अलॉय डिस्क घेतली तर तिचे नट वेगळे लागतात का तेही विचारावे, आणि बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर धावून झाले की सर्व नट पुन्हा आवळावेत.

जाता जाता एक गंमत नोंदवतो. इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपला सुरुवातीला २४५/७० आर १६ हे माप होते आणि २०१९ च्या सुधारित गाडीला २५५/६० आर १८ आले. डिस्क दोन इंचांनी मोठी झाली म्हणून लोकांना चाक फार मोठे झाल्यासारखे वाटते, पण बाहेरचा व्यास ७४९ वरून ७६३ एवढाच झाला, म्हणजे उंचीत फक्त ७ मिलिमीटरचा फरक पडला. मोठी डिस्क म्हणजे मोठे चाक नव्हे. डिस्क वाढवून भिंत कमी केली तर खड्ड्यात डिस्क वाकण्याची भीती उलट वाढते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांबद्दल मी वेगळे काही सांगायला नको.

पासिंगवाला (चिकोडी)

निपाणीकर यांची गाडी खासगी आणि प्रश्नकर्त्यांची गाडी मालवाहू, हा फरक कागदावर फार मोठा आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५८ नुसार मालवाहू वाहनाच्या नोंदणीत रिकाम्या गाडीचे वजन, भरलेल्या गाडीचे एकूण वजन आणि प्रत्येक ॲक्सलचे वजन यांच्यासोबत प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार आणि माप यांचीही नोंद होते. म्हणजे २१५/७५ आर १५ हा आकडा दुकानदाराने सुचवलेला पर्याय नसून तुमच्या नोंदणीचाच भाग आहे. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

रस्त्यावर कोणी फूटपट्टी घेऊन उभा राहत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु मालवाहू गाडीला आठ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी तंदुरुस्तीच्या तपासणीला जावे लागते. मोठे टायर घातलेल्या गाड्या तपासणीच्या आदल्या दिवशी जुने टायर भाड्याने घेऊन चढवतात आणि दुसऱ्या दिवशी उतरवतात, असे प्रकार मी पाहिले आहेत; त्या चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीतच अर्धा टायर येतो. तुमची गाडी तर कर्नाटकातून निघून गोव्यात जाते, शिनोळीकडे वळली की महाराष्ट्रात शिरते. तीन राज्यांच्या तपासणीत एकच कागद दाखवायचा असतो, तेव्हा तो आणि गाडी यांचे जमलेले बरे. अपघात झाल्यास विमा कंपनीला न कळवलेला बदल हे दावा अडवण्याचे आयते कारण ठरते.

शक्य असेल तिथे त्याच मापात नक्षी आणि प्लाय बदलणे, यात वरीलपैकी कोणतीच अडचण नाही.

तांबडमाती

सर्वांचे मनापासून आभार. आज चाक काढून पाहिले. डिस्कवर ५.५जे कोरलेले आहे, म्हणजे त्याच डिस्कवर बसतील हे पहिल्या दुकानदाराचे म्हणणे तिथेच संपले. मागच्या टायरांची नक्षी अडीच मिलिमीटर उरली आहे, पुढच्यांची तीन. चारही टायर सरळ पट्ट्यांच्या नक्षीचे आहेत.

लेथवाला (उद्यमबाग)

अडीच मिलिमीटर! कायद्याने १.६ पर्यंत चालतात म्हणून कोणी काही म्हणणार नाही, पण तांबड्या चिखलात ते टायर म्हणजे गुळगुळीत रूळच.

आता माझे मूळ गणित पुन्हा मांडा. मागे त्याच मापाचे, ८ प्लायचे, लग नक्षीचे (जाड आडव्या ठोकळ्यांचे) नवे टायर घेतले तर त्यांची नक्षी साधारण ११ मिलिमीटर खोल असते. झिजलेल्या टायरशी तुलना केली तर हाउसिंग आठ-साडेआठ मिलिमीटर वर जाते. मोठ्या मापाने जे १५ मिळणार होते त्यातले निम्म्याहून जास्त तुम्हाला नोंदणीला हात न लावता, गिअर लांब न करता मिळाले, आणि चिखल कापणारी नक्षी मिळाली ती वेगळी. पुढे मात्र रिब, म्हणजे आत्ताची सरळ पट्ट्यांची नक्षीच ठेवा. स्टिअरिंग हलके राहते आणि घाटातल्या ओल्या डांबरावर तिची पकड बरी असते. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या नक्षींचे टायर लावू नका आणि स्टेपनी रिब नक्षीची ठेवलीत तर मागे लागल्यावर तिच्यावर लांब जाऊ नका.

विकत घेताना भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्का पाहा. पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. सीमाभागातल्या दुकानांत पडून राहिलेला जुना माल सवलतीच्या नावाखाली खपवला जातो. दोन वर्षांहून जुना असेल तर मी तो घेत नाही.

तांबडमाती

ठरले. चारही टायर २१५/७५ आर १५, ८ प्लाय, मागे लग आणि पुढे रिब. भाराचा आकडा १०६ पेक्षा कमी असणार नाही, हे दुकानात आधीच सांगून ठेवले आहे. अलॉय डिस्कचे जे पैसे वाचले त्यातून पाणंदीतल्या सर्वांत वाईट शंभर फुटांत मुरूम टाकायचे शेजाऱ्यांशी बोलणे झाले आहे. ज्यांच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडल्या त्यांनीच ब्लेड लावून मधला उंचवटा खरवडून द्यायचे कबूल केले आहे. ऐन पावसात पूर्ण भार मळ्यातून न भरता निम्मी पोती बैलगाडीने सडकेपर्यंत आणावीत, असे वडिलांचे मत आहे आणि या वेळी मला ते खोडता आलेले नाही.

एकच शंका उरली. लग नक्षीचे टायर डांबरावर गुणगुणतात असे ऐकले आहे. गोव्याच्या फेरीत त्याचा त्रास होतो का?

चोर्लाघाट (खानापूर)

होतो. ताशी पन्नासच्या पुढे एकसुरी आवाज येत राहतो, महिनाभराने कान सरावतात. त्यापेक्षा झीज सांभाळा. लग टायर कमी हवेवर डांबरी रस्त्यावर धावला तर त्याचे ठोकळे एका बाजूने करवतीसारखे झिजतात आणि मग आवाज खरोखर असह्य होतो. पाणंदीसाठी हवा कमी केलीत तर सडकेवर येताच, घाटाकडे वळण्याआधी, ती पुन्हा भरून घ्या. जांबोटीत पंक्चरवाला पहाटे लवकर उघडत नाही, म्हणून मी बॅटरीवर चालणारा छोटा पंप सीटखाली ठेवतो. भरलेल्या गाडीला ६५ पर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो, पण तेवढ्यात चहा होतो.